विश्वासात टिकून राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

मार्था_हडपसर (रविवार, रात्री ११:४२)

सगळ्यांना जय ख्रिस्त. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आज सलग अकरावा रविवार मी देवळात गेले नाही. मोजलेत. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं, आता 'हां' आणि 'नको' एवढंच येतं. मिस्टरांची नोकरी मागच्या दिवाळीत गेली, ते आता टॅक्सी चालवतात आणि रविवारी भाडी जास्त म्हणून रविवारी घरी नसतात. माझी शिफ्ट मगरपट्ट्यात दुपारी १ ते रात्री १०. मुलगी दहावीला, तिच्या क्लासची टेस्ट नेमकी रविवारी सकाळी. आणि आमची बारा घरांची छोटी बिल्डिंग आहे मांजरीकडे, तिथे टँकर येतो तो रविवारी साडेआठ ते साडेनऊ, त्या वेळात ज्याने त्याने आपापली पिंपं भरून घ्यायची, नाहीतर दोन दिवस पाण्याचे हाल. उपासना नऊला असते.

मला कुणी त्रास देत नाही हे आधीच सांगते. शेजारी चांगले आहेत, ऑफिसात कुणी काही बोलत नाही. लहानपणी शब्बाथशाळेत रक्तसाक्ष्यांच्या गोष्टी ऐकल्या की वाटायचं, आपल्याला कुणी विचारलं 'येशूला सोडतेस का' तर आपण ताठ मानेनं नाही म्हणू. अजूनही म्हणेन. पण मला तसं कुणी विचारतच नाही हो. मला विचारतात डबा झाला का, टँकर आला का, आईंचं डायपर बदललं का, हप्ता भरला का. आणि या सगळ्याला हो हो म्हणता म्हणता दिवस संपतो, रात्री उशीवर डोकं टेकून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू करते आणि रोजच्या भाकरीपर्यंत पोचायच्या आत झोप लागलेली असते.

देवावर राग आहे असंही नाही. राग असता तर निदान भांडले असते. काहीच वाटत नाही, त्याचीच भीती वाटतेय. मागच्या आठवड्यात मंडळीतल्या एक बाई भाजी घेताना भेटल्या, म्हणाल्या तुम्ही विश्वासात थंड पडलात. घरी येऊन मेथी निवडत बसले आणि निवडता निवडता रडले.

तुम्ही जे टिकलात ते कसे टिकलात? मोठं काही नको, रोजचं सांगा.

भोसरीकर (सोमवार, सकाळी ६:१०)

ताई फर्स्ट शिफ्टला निघालोय, बसमधून लिहितोय, चुका असतील.

मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो, चौदा वर्षं झाली. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे तुमचे अकरा रविवार ना, माझे चौदा वर्षांतले बहुतेक सगळे गेलेत, नाताळ आणि पुनरुत्थानाचा रविवार तेवढा रजा टाकून. सुरुवातीला फार खायचं मन. दोनदा सुट्टी बदलून मागितली, नाही मिळाली, तिसऱ्यांदा नोकरी सोडायला निघालो होतो तेव्हा आमच्या पाळक साहेबांनी थांबवलं, म्हणाले नोकरी सोडून घरात बसलास तर पोरांना काय सांगशील, गुरुवारी तू मोकळा आहेस ना मग गुरुवारी मी येतो. ते आले. पहिल्या गुरुवारी ते, मी, बायको आणि कडेवर पोरगं. आज चार कुटुंबं येतात, सगळे गुरुवारच्या सुट्टीवाले, संध्याकाळी साताला, दोन गाणी, एक वचन, प्रार्थना आणि चहा. कधी कधी सगळे इतके दमलेले असतात की वचन वाचताना एखादा पेंगतो, आम्ही उठवत नाही.

दुसरं, खंडेनवमी. शॉपवर मशीनची पूजा असते, ऑपरेटरनेच हळदकुंकू लावायचं. पहिली पाच वर्षं त्या दिवशी मी आजारी पडायचो, म्हणजे खोटं बोलायचो. मग एकदा नामान सेनापतीची गोष्ट वाचली, दुसरे राजे पाचवा अध्याय, कुष्ठ बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं परमेश्वराने मला माफ करावं. आणि अलीशा त्याला फाडून खात नाही, शांतीने जा म्हणतो. हे वाचून मी फोरमन साहेबांना सरळ जाऊन सांगितलं, पूजा मी करणार नाही पण आदल्या दिवशी मशीन मी एकटा धुणार. तेव्हापासून दरवर्षी कूलंटची टाकी उपसून बेड, स्लाइड, दरवाजा सगळं डिझेलने पुसून चकचकीत करून देतो, कुंकू शेजारच्या मशीनवाला दादा लावतो. प्रसाद मात्र मी घेत नाही, हात जोडून नको म्हणतो, आता कुणी आग्रह करत नाही.

स्टॉप आला. बाकी नंतर.

कोथरूड_एकटी (सोमवार, दुपारी २:२०)

मार्थाताई, मेथीचं वाचून लिहायलाच बसले.

माझी गोष्ट उलटी आहे. सासर-माहेर दोन्ही हिंदू, घरात विश्वासात मी एकटीच. नऊ वर्षं झाली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली, मधली पाच वर्षं त्या घराचं काय झालं असेल ते मला माझ्या घरावरून कळतं, फक्त आमच्याकडे मी टिळकांच्या जागी आहे आणि पाच वर्षं कधीच उलटून गेलीत.

गौरी-गणपतीला पुरणपोळ्या मीच करते, चाळीस-पन्नास होतात. आरतीला उभी राहत नाही, तेव्हा स्वयंपाकघरात पानं वाढायला घेते. पहिली काही वर्षं सासूबाई त्यावरून दोन-दोन दिवस बोलायच्या नाहीत. भोसरीकरदादा, तुमचा मान ठेवून सांगते, प्रसाद नाकारणं मला नाही जमलं. मूर्तीपुढच्या नैवेद्याबद्दल पौलाने करिंथकरांना लिहिलेलं मी पण कितीदा वाचलंय, आठवा अध्याय आणि दहावा, मूर्ती काही नाही हे पण तिथेच आहे आणि दुसऱ्याच्या विवेकाला जपा हे पण तिथेच आहे. माझ्या सासूबाई वाटी पुढे करतात तेव्हा त्या मला देव बदलायला सांगत नसतात, तू अजून आमचीच आहेस ना एवढं विचारत असतात. मी घेते. यावर मला उपदेश नको, नऊ वर्षांत भरपूर मिळालाय.

टिकले कशी तर सकाळी साडेपाचला सगळे उठायच्या आत गॅलरीत कपडे वाळत घालताना. एका कपड्याला एक नाव. नवऱ्याचा शर्ट टाकताना नवऱ्यासाठी, सासूबाईंचं पातळ टाकताना त्यांच्यासाठी. ज्या दिवशी मनात त्यांच्याबद्दल कडवट असतं त्या दिवशी नुसतं पातळ नीट झटकून टाकते, तीच प्रार्थना.

भोसरीकर (सोमवार, दुपारी ४:०५)

वहिनी उपदेश नाही करणार. मी नको म्हणतो कारण आधी मी तेच सगळं मनापासून करायचो, मला परत तिकडे ओढ लागेल याची भीती होती. तुमचं वेगळं आहे. कपड्यांचं बायकोला वाचून दाखवलं.

केडगावची_नात (सोमवार, रात्री ९:३०)

माझी पणजी मुक्तीची, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी ज्या मुली आणल्या त्यातली एक. आमच्या घरात रमाबाईंचं नाव 'बाई' असंच घेतात, अजूनही.

मार्थाताई तुम्ही 'मोठं नको, रोजचं सांगा' म्हणालात म्हणून लिहिते. बाईंचं मोठेपण सगळे सांगतात, १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ साली शारदा सदन, वगैरे. पण पणजीकडून आजीपर्यंत आणि आजीकडून माझ्यापर्यंत जे आलं ते सगळं कामाचं आहे. एवढ्या बायकापोरींना रोज दोन वेळा जेवायला घालायचं, शेती, विहिरी, माग, आजारपणं, आणि त्यातच हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यात गेली. छपाई मुक्तीतच, खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, सगळं काम जिच्या हाती द्यायचं ती. त्यानंतरही बाई भाषांतराचं काम करत राहिल्या, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ साली.

मुलगी गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांचा मी फार विचार करते. रोज सकाळी त्यांना काही 'वाटत' असेल का? मला नाही वाटत रोज वाटत असेल. पुढचा कागद समोर येत असेल आणि त्या तो तपासत असतील. तुम्ही आईंचं अंग पुसता ना ताई, मला ते त्या कागदासारखंच वाटतं.

अवांतर: पुणे-दौंड लोकलने केडगाव उतरता येतं, कधी जमलं तर एक दिवस जाऊन या. मी येईन सोबत.

गुरुवारपेठी (मंगळवार, सकाळी १०:१५)

मी ख्रिस्ती नाही, चालेल ना लिहिलं तर? पंच हौदाच्या देवळापासून चार मिनिटांवर राहतो, १८८५ सालचं देऊळ, त्या मनोऱ्यातल्या घंटा ऐकतच मोठा झालो. आमच्या वाड्यात एक ख्रिस्ती काकू होत्या, नाताळला त्यांच्याकडून करंज्या यायच्या आणि आमच्याकडून दिवाळीचं ताट जायचं. काका लवकर गेले, मुलगा लांब, तरी काकू रविवारी पांढरी साडी नेसून, छत्री घेऊन निघायच्याच. एकदा मी विचारलं होतं, काकू पाऊस एवढा आहे, आज नाही गेलात तर काय होईल. त्या म्हणाल्या काही होणार नाही रे, पण माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी आहे ना, तिला वाटेल मी आजारी आहे.

लोकांच्या दडपणाचं म्हणाल तर याच पंच हौद मिशनमधलं १८९० चं चहाचं प्रकरण आठवा. मिशनने पुण्यातल्या हिंदू मंडळींना व्याख्यानाला बोलावलं, चहा-बिस्किटं दिली, कुणी घेतला, कुणी कप नुसता बाजूला ठेवला, पण नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं भांडण झालं. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, मित्रांना आणि घरच्यांना त्रास नको म्हणून. एवढी मोठी माणसं एका कपाने अडचणीत आली, तर तुम्ही अकरा रविवारांवरून स्वतःला इतकं बोलू नका असं मला वाटतं.

आणि एक विचारू का? टँकरवाल्याला वेळ बदलून मागितलीत का? बारा घरांपैकी कुणाला सांगितलंत का की रविवारी नऊला माझी उपासना असते, माझी पिंपं कुणीतरी भरा? आम्हा लोकांना बऱ्याचदा माहीतच नसतं की रविवारची सकाळ तुमच्यासाठी काय असते.

मार्था_हडपसर (मंगळवार, रात्री ११:५०)

नाही मागितली. खरंच नाही मागितली. आपण थोडे, आपल्यामुळे कुणाला अडचण नको, हे इतकं अंगात मुरलंय की मागायचं सुचलंच नाही. तुमच्या काकूंचं दोनदा वाचलं.

विद्यार्थी_स्वारगेट (बुधवार, रात्री १२:३०)

माझा प्रश्न इथे बसतो का माहीत नाही. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात आम्ही तीन पिढ्या विश्वासात, पप्पा मंडळीत पेटी वाजवतात, पण कागदावर आमची जुनी जात आहे आणि धर्म हिंदू. आजोबांच्या वेळेपासून तसंच आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात ख्रिस्ती बसत नाही, १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध घेतले गेले, आपण नाही. म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला काढला की फी माफी गेली आणि कॉलेज गेलं. गावाकडे मात्र लोकांनी आम्हाला ख्रिस्ती झालात म्हणून गावच्या विहिरीवर कधी घेतलं नाही, वेशीबाहेरचं घर होतं ते वेशीबाहेरच राहिलं.

मित्र नाताळला घरी येतो म्हणाले की मी घाबरतो. तरुण संघात साक्ष द्यायला उभं केलं तर माझे पाय थरथरतात, कारण फॉर्मवर मी दुसरंच काहीतरी लिहून आलोय. टिकून राहणं कुणाचं, ताईंसारख्यांचं. मी तर रोज नाकारतोय असं वाटतं.

निवृत्त_पाळक (बुधवार, सकाळी ७:००)

बाळा, बसतो तुझा प्रश्न इथे. उलट तूच खरं नाव घेऊन बोललास.

मी सदतीस वर्षं मंडळ्या सांभाळल्या, पहिली पंधरा नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत. तुझ्यासारख्या किती पोरांचे दाखले माझ्या टेबलावर आले आणि मी ते उलटे करून ठेवले याची गणती नाही. मी तुला 'चालतंय रे' असं म्हणणार नाही कारण तुझं मन तुला टोचतंय आणि ते टोचणं देवाकडून असेल तर मी ते झोपवू नये. पण तुझ्यावर दगडही उचलणार नाही. जात सोडत नाही आणि कागद मात्र सोडायला लावतो, हा अन्याय आहे आणि तो तू केलेला नाहीस. सर्वोच्च न्यायालयात यावर २००४ साली याचिका गेली, २०२२ साली सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, हे भांडण मोठं आहे, ते तुझ्या एकट्याच्या छातीवर घेऊ नकोस. तू एक कर, पप्पांशी बोल. घरात हा विषय कुणीच काढत नाही म्हणून तो रात्री साडेबाराला तुझ्याकडे येतो. आणि पेत्राची गोष्ट लूकमधून वाच, बावीसावा अध्याय. नाकारणार हे प्रभूला आधीच माहीत होतं. तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, हे तो पेत्राला नाकारायच्या आधी सांगतो. पुढे पेत्र शेकोटीपाशी उभा राहून शपथा वाहत होता, तेव्हा ती प्रार्थना आधीच झालेली होती.

आता मार्थाबाई. ज्या भगिनी तुला थंड पडलीस म्हणाल्या, त्यांनी अकरा रविवारांत एकदा तरी तुझ्या घराचा जिना चढायला हवा होता. हे मी मंडळीचा माणूस म्हणून बोलतो, मला याची लाज वाटते. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं ना, मार्कमध्ये, तिथे स्पष्ट म्हटलंय की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. खाटेवरच्याला तेव्हा काय वाटत होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुझ्या घरात सध्या खाटेवर दोघी आहात.

तुझ्या पाळकांना उद्या फोन कर आणि सांग की घरी प्रभुभोजन द्यायला या. आजारी माणसाला घरी जाऊन देणं हे त्यांचं काम आहे, उपकार नाहीत. फोन करायला संकोच वाटला तर मला कळव, मी करतो.

रात्रपाळी_सिस्टर (बुधवार, दुपारी १:४५)

रात्रपाळी करून उठले आणि हे वाचलं. मार्थाताई एक कामाचं सांगते. उजवं अंग आणि बोलणं दोन्ही गेलं म्हणजे झटका मेंदूच्या डाव्या बाजूला असणार. अशा पेशंटना पुष्कळदा एक शब्द बोलता येत नाही पण पाठ असलेलं गाणं गाता येतं, शब्दांसकट. वॉर्डात मी स्वतः पाहिलंय, एक आजोबा पाणी मागू शकायचे नाहीत पण अभंग धरला की चार ओळी म्हणायचे. सगळ्यांना जमतंच असं नाही, आशा फार वाढवू नका. पण त्यांना तरुणपणी पाठ असलेलं काहीतरी निवडा, हळू म्हणा, डाव्या हाताने मांडीवर ताल धरायला लावा, आणि ओळ अर्धी सोडून थांबा. घाई करू नका, दहा-पंधरा सेकंद नुसतं थांबा.

आणि दर दोन तासांनी कूस बदलताय ना? पाठीची कातडी लाल दिसली की लगेच दाखवा. तुमची स्वतःची झोप किती होते तेही लिहा.

गुरुवारपेठी (बुधवार, दुपारी ३:१०)

सिस्टर, हे मला माहीत नव्हतं. माझ्या आत्यासाठी करून बघतो.

मार्था_हडपसर (पुढच्या सोमवारी, रात्री ११:२०)

उशीर झाला लिहायला. सगळ्यांचं वाचलं, मिस्टरांनी पण गाडीत बसून वाचलं.

टँकरचं आधी सांगते. खालच्या मजल्यावरच्या जोशी वहिनींना बोलले, त्या म्हणाल्या अगं एवढंच ना, पाइप मी लावते तुझ्या पिंपात, पण तू इतके महिने बोलली का नाहीस. वेळ बदलायचंही टँकरवाल्याशी बोलणार आहेत. काल मी मुलीला क्लासला सोडून तशीच देवळात गेले, सासूबाईंपाशी जोशी वहिनी बसल्या. पाऊण तासच थांबता आलं. खूप काही वाटलं असं नाही. दोन गाणी उभी राहून म्हटली, मागच्या बाकावर. भाजी घेताना भेटलेल्या त्या बाई दिसल्या, मीच जाऊन सलाम केला.

पाळक साहेब गुरुवारी सकाळी येऊन गेले, मी शिफ्टला जायच्या आधी. सासूबाईंना प्रभुभोजनाची भाकर दुधात मऊ करून द्यावी लागली, त्यांना गिळायला जरा त्रास होतो, साहेब अजिबात घाई न करता चमचा धरून बसले. मिस्टर पण होते, त्यांनी सकाळची दोन भाडी सोडली.

आणि सिस्टर, गाणं. शनिवारी त्यांना पुसून घेत होते, कोमट पाण्यात टॉवेल पिळून, तेव्हा 'उपासना संगीत' या गाण्यांच्या पुस्तकातलं ना. वा. टिळकांचं एक धरलं, त्यांच्या नगरच्या मंडळीत फार म्हणायचे ते. पहिल्या कडव्याला काही नाही. दुसऱ्या कडव्याची ओळ अर्धी सोडून मी थांबले, तुम्ही सांगितलं तसं, टॉवेलमधून पाणी टपकत होतं खाली. मी सोडूनच देणार होते. आणि त्या आत आल्या, उरलेली अर्धी ओळ, शब्द जरा जड पण शब्दच, आणि सूर माझ्यापेक्षा खाली, त्यांचा जुना सूर. मग मला पुढचं कडवं आठवेना आणि त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं, सोडेचनात.

विद्यार्थी, तू पप्पांशी बोललास का ते लिही, मी तुझं नाव घेते रोज, कोथरूडच्या ताईंसारखं, दोरीवर.

भोसरीकरदादा, तुमच्या गुरुवारी कोणती कोणती जुनी गाणी घेता त्यांची यादी टाका. सासूबाईंना आणखी किती येतात बघायचंय.